वरून दिसलेला मांडव

वरून पाहिलं की माणसांना तोंडं नसतात, आणि हे काम मला आवडायचं ते एवढ्याचसाठी. महाडच्या एसटी स्टँडसमोर औषधांच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, प्लायवूडचं पार्टिशन आणि वीज गेली की किंचाळत सुटणारी बॅटरी. तिथे बसून मी महामार्गालगतची दुकानं, लॉज, गॅरेजं, गोदामं एकेक करून पडद्यावर आणायचो, चित्र पकडायचो, कडा कापायचो आणि नंबर घालून फाईलमध्ये टाकायचो. रस्ता रुंद होणार होता. दोन्ही बाजूंच्या सगळ्या व्यापारी इमारतींची यादी आणि प्रत्येकीचं चित्र पुण्याच्या एका एजन्सीला हवं होतं. खरं तर कॅमेरा घेऊन चालत जायचं काम होतं ते. पहिल्याच आठवड्यात आमच्या एका माणसाचा कॅमेरा लोकांनी हिसकावून घेतला आणि दुसऱ्याच्या अंगावर एका हॉटेलवाल्याने उष्ट्या भांड्यांचं पाणी ओतलं. मग आमच्या ठेकेदाराला इंटरनेटवरची ती उपग्रहाची पृथ्वी सापडली. उन्हात हिंडायला नको, शिव्या खायला नकोत. फिरवा गोल, उतरा खाली, दाबा बटण. महाडचं इंटरनेट असं की आधी नुसता हिरवा-राखाडी चिखल यायचा, मग चौकोन चौकोन करत छपरं उगवायची. ती उगवताना मी चहा प्यायचो. कुणी मला बघत नव्हतं, मी सगळ्यांना बघत होतो. अकरा वर्षं दम्मामला ड्राफ्ट्समनगिरी करून, कंपनीने गाशा गुंडाळल्यावर दोन हजार नऊच्या जानेवारीत मी परत आलो, तेव्हापासून बाजारातून चालताना ज्याने त्याने एकच विचारलं होतं, "काय रे रऊफ, कायमचा आलास?" विचारताना तोंडावर जे असायचं ते मला पुरतं कळायचं. त्या सगळ्यांची छपरं आता माझ्या फाईलमध्ये होती, नंबर घातलेली.

एकशे सतरा नंबरला मी एप्रिलच्या शेवटी पोहोचलो. पोलादपूरच्या अलीकडे, मोरीच्या पुढे, डाव्या हाताला. नंबर मी घातला होता, पण इमारत मला माहीत होती. खाली टायरचं दुकान, वर तीन खोल्या, मागे गोदाम, समोर अंगण आणि अंगणापुढे रस्ता. शरिफा टायर्स. शरिफा म्हणजे आमची आई. अब्बांनी दुकान काढलं तेव्हा तिचं नाव दिलं, आणि दोघंही गेल्यावर ते दुकान माझा धाकटा भाऊ सोहेल चालवत होता. माझं आणि त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. परत आल्यावर मी महाडला भाड्याची जागा घेतली आणि पोलादपूरच्या बाजूला फिरकलोही नाही. आता त्याचं छप्पर समोर येणार म्हणून मी खुर्ची पुढे ओढली. एखाद्याच्या पाठीवर काही चिकटवायची संधी मिळावी तसा आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू. चौकोन उघडत गेले. गोदामाचा गंजका पत्रा आला, गच्ची आली, गच्चीवरची काळी टाकी आली. आणि अंगण यायच्या जागी अंगण आलंच नाही. तिथे एक लांबट चौकोन होता, पिवळा आणि पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा, घराच्या भिंतीला चिकटलेला आणि पार रस्त्याच्या कडेपर्यंत आलेला. मागच्या बाजूला गोदामाजवळ करडा पुसट डाग, धुराचा. खाली बारीक अक्षरांत चित्राची तारीख होती, बावीस एप्रिल दोन हजार सात. पोलादपूरचं त्याच्या नंतरचं चित्र अजून आलेलं नव्हतं. ती रिझवानाच्या लग्नाची तारीख होती. ते पिवळं-पांढरं म्हणजे आमच्या बहिणीच्या निकाहचा मांडव होता, आणि धूर बिर्याणीच्या देगींचा होता.

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने डोळे पुसले असते, नाहीतर निदान उठून खिडकीशी गेला असता. मी माऊस हातात घेतला आणि मांडवाच्या कडेकडेने लाल रेघ फिरवली. लांबी बेचाळीस फूट, रुंदी अठरा. प्रकाराच्या रकान्यात लिहिलं, पत्र्याची शेड, मूळ इमारतीला जोडलेली, रस्त्याच्या हद्दीत. मग कडा कापल्या. तारखेची पट्टी बाकीच्या चित्रांवर ठेवायचो, इथे तीही कापली. अशी जोडलेली शेड दिसली की एजन्सी अख्खी इमारत लाल यादीत घालायची, हे मला ठाऊक होतं. लाल यादी म्हणजे पाडायची यादी. पडू दे, मी मनात म्हटलं. आईचं नाव त्या पाटीवर आहे हे तेव्हा आठवलं नाही असं मी म्हणू शकलो असतो, पण आठवलं होतं. आठवूनही मी सेव्ह केलं, आणि मग, का कोण जाणे, मूळ चित्र पुन्हा उघडलं आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला सरकलो. पंक्चरवाल्याच्या बंद टपरीशेजारी तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी पांढरं होतं. दाण्याच्या मध्यावर लाल ठिपका. किती वेळ मी त्या ठिपक्याकडे बघत बसलो होतो सांगता येत नाही. बॅटरी किंचाळली तेव्हा वीज गेल्याचं कळलं. तो पांढरा दाणा म्हणजे मुंबई विमानतळावरून केलेली भाड्याची ओम्नी होती. लाल ठिपका म्हणजे तिच्या टपावर लाल प्लास्टिकमध्ये बांधलेला खोका. खोक्यात दोन ब्लँकेटं आणि काचेचा डिनर सेट होता, आणि गाडीत, मागच्या सीटवर, खिडकीची काच अर्धी खाली करून, मी होतो.

हे कुणालाही माहीत नव्हतं. माझी बायको बुशरा, तिलाही नाही. माझ्याच हुकमावरून ती त्या दिवशी माहेरी जाऊन बसली होती. सगळ्या जगाच्या लेखी मी त्या दिवशी दम्मामला होतो. भांडण तसं फोनवरच झालं होतं, तीन मिनिटांचं. माझ्या खोलीत राहणाऱ्या अरसलानला मी शब्द दिला होता, माझी बहीण तुला देतो म्हणून. चांगला मुलगा, कमावता. मी घरचा मोठा, अब्बा नाहीत, म्हणजे रिझवानाचा वली मी. निकाहच्या वेळी मुलीच्या बाजूने उभं राहून हो म्हणायचा मान माझा. हे काय मी नव्याने शोधून काढलेलं नव्हतं. आणि सोहेल फोनवर म्हणतो, "भाई, तिला दम्मामला जायचा नाय. तिनं तुडीलचा मुलगा पसंत केलाय. मी व्हय म्हनून बसलो." पसंत केलाय. व्हय म्हनून बसलो. मी म्हटलं, असं असेल तर माझा पाय त्या मांडवात पडायचा नाही. तो म्हणाला, "बघ तुझं तू." बस, एवढंच. मला तेव्हा वाटलं होतं तो पुन्हा फोन करील. रोज संध्याकाळी मी फोन उशाशी घेऊन पडायचो आणि त्याला काय काय ऐकवायचं ते जुळवत राहायचो. फोन आला नाही. लग्नाच्या चार दिवस आधी मी सुपरवायझरला सांगितलं, आई गेली. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. तिला दुसऱ्यांदा मारून मी रजा मिळवली आणि विमानात बसलो, आणि वडखळ मागे पडेपर्यंत मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की मी लग्नाला चाललोय की लग्न मोडायला.

गाडी मीच थांबवायला सांगितली होती, टपरीपाशी, रस्त्याच्या पलीकडे. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. चित्रातल्या टाकीची सावली बघितली तरी तेवढेच वाजलेले दिसतात. मांडवाच्या कापडाला हवेने पोट सुटत होतं. लाऊडस्पीकरवर मौलवींचा आवाज येत होता आणि मधे मधे ट्रक गेला की तुटत होता. अंगणातली माणसं मला पाठमोरी दिसत होती, नव्या कपड्यांतली. त्यांतली कितीतरी मी पाठीवरून ओळखली. मला काय हवं होतं ते आता सांगून टाकतो. मला बोलावणं हवं होतं. त्या गर्दीतल्या एकाने, कुणीही, सहज मागे वळावं, गाडी बघावी, हा तर रऊफ म्हणावं, आणि मग सोहेलने धावत रस्ता ओलांडून माझा हात धरावा. मी ओढून घेतला असता. दोनदा ओढून घेतला असता आणि तिसऱ्यांदा गेलो असतो. एवढं साधं होतं. पण लग्नातली माणसं नवरदेवाकडे बघतात, रस्त्याकडे कोण बघतंय? मग स्पीकरवरून स्वच्छ ऐकू आलं, कारण नेमका तेव्हा एकही ट्रक जात नव्हता. मुलीचे मोठे भाऊ परदेशी असल्यामुळे धाकटे भाऊ सोहेल वली म्हणून हजर आहेत, सख्ख्या भावांचा हक्क सारखाच आहे. माझा हात दाराच्या मुठीवर होता. मूठ उन्हाने तापली होती, तो चटका अजून तळव्यात आहे असं मला वाटतं. मी दार उघडून आत शिरलो असतो तर निकाह काही मोडला नसता, पण सोहेलचं ते उभं राहणं सगळ्यांसमोर खोटं पडलं असतं. आणि ते पाडायला मला आवडलं असतं. याची मला इतकी भीती वाटली की मी हललोच नाही. ड्रायव्हरने आरशातून बघून विचारलं, "साहेब, उतरताय ना?" मी म्हटलं, हे घर नाही, पुढे चला. पुढे म्हणजे कुठे? पोलादपूरच्या नाक्यावरून वळून आम्ही परत त्याच मांडवासमोरून गेलो तेव्हा सगळे हात वर करून दुआ मागत होते. तो खोका मी पुन्हा दम्मामला नेला. ब्लँकेटं खोलीतल्या एकाला दिली. डिनर सेट विमानात फुटला, बरं झालं.

लाल यादी मेच्या मध्यावर निघाली आणि नोटिसा गेल्या. यादीतल्या इमारती प्रत्यक्ष जाऊन बघायचं काम सरिताकडे होतं. ती नाते गावाहून यायची. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, स्कूटीवर एकटी पोलादपूर करून यायची आणि लोक तिच्या अंगावर पाणी ओतायला धजत नसत. ती परत आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहिली. "रऊफभाई, एकशे सतराला शेड नाही. खांबांचे खड्डेसुद्धा नाहीत." मी म्हटलं, नोटीस बघून काढली असेल, सगळेच काढतात. हे खरंच होतं, नोटीस आल्याबरोबर पुढचे पत्रे रातोरात उतरत होते आणि म्हणून एजन्सी आताच्या पाहणीवर विश्वास ठेवत नव्हती, चित्रावर ठेवत होती. सरिताने फाईल उघडली आणि वाकून बघितलं. "पत्रा असा असतो? पट्टे बघा. आणि ह्याची तारीख कुठाय? बाकी सगळ्यांवर आहे." कापताना गेली असेल, मी म्हटलं. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. शहाण्या माणसांचा मला मनापासून राग येतो. "मालक उद्या येणारेत इकडे," ती म्हणाली, "तुमचंच आडनाव आहे त्यांचं."

सोहेल आला तो जिना चढून दमलेला. दोन वर्षांत त्याचे केस पुढून मागे गेले होते. मी त्याला महिनाभर वरून बघत होतो, तोंडासकट बघायची माझी तयारी नव्हती. पार्टिशनच्या कडेला तो थबकला. "भाई? तू हितं बसतोस?" मी मान हलवली. त्याने हातातल्या नोटिशीकडे पाहिलं, माझ्या पडद्यावरच्या छपरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी वाट बघू लागलो. आता हा पेटेल. आता म्हणेल, तूच केलंस. माझ्याकडे उत्तरं तयार होती, दोन वर्षं घासून धार लावलेली. पण तो सरळ सरिताकडे वळला आणि नोटिशीवरच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "म्याडम, शेड कसली? मांडव हाय तो. आमच्या बहिनीच्या निकाहचा. तुडीलच्या डेकोरेटरचा, पिवळा-पांढरा." सरिता म्हणाली, "मग फोटो असतील ना लग्नाचे? ते जोडा." "एक पन नाय. मौलवीसाहेबांनी कॅमेरा आत येऊ दिला नाय. आमच्यात काही लोक मानतात तसा." तो हसला आणि माझ्याकडे बोट करून तिला सांगू लागला, "भाईवर राग नका धरू हां. तो तवा दम्मामला होता. त्यानं मांडव बघितलाच नाय, त्याला कसा कळनार? चुकून झाला त्याच्या हातून."

चुकून. त्याने मला माफ करून टाकलं, उभ्या उभ्या, घाम पुसता पुसता, मी काही मागितलेलं नसताना. माझ्या डोक्यात असा संताप चढला की कानात आवाज येऊ लागला. दोन वर्षं मी ज्याचं वाईट चिंतलं, ज्याचं घर पाडायला निघालो, तो मला बिचारा समजत होता. दूरदेशी अडकलेला बिचारा मोठा भाऊ, ज्याला काही माहीत नाही. आणि पुढे म्हणतो, "भाई, ह्या फोटोची मोठी कॉपी दे ना काढून. तारीख टाकून. रिझवानाकडं लग्नाची काय पन आठवन नाय. ती बघंल आनि तिच्या मुलीला दाखवंल. खूश होयल." रिझवानाला मुलगी झाली हे मला तेव्हा कळलं. सरिताने दुरुस्तीचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "ज्याने चित्र तयार केलं त्यानेच भरायचाय. चूक काय, आणि खात्री कशी केली. लिहा, शेजाऱ्यांकडे चौकशी केली. चालतं." तिने ते हळू आवाजात सांगितलं. सोपी वाट होती. शेजाऱ्यांकडे चौकशी केली, सही, तारीख. इमारत वाचली असती, मी दम्मामलाच राहिलो असतो, सोहेलने जाता जाता घरी यायचं आमंत्रणसुद्धा दिलं असतं. त्याच्या तोंडावर ते आमंत्रण तयार दिसतच होतं. मी मूळ चित्र उघडलं आणि काही न कापता अख्खं प्रिंटरला पाठवलं. कागद इंच इंच बाहेर यायला लागला, आधी गोदाम, धूर, मग गच्ची, मग मांडव, मग रस्ता, आणि शेवटी पलीकडची कड. तो निघत असताना मी मोजायची रेघ मांडवाच्या काठापासून ओम्नीपर्यंत ओढली. मग फॉर्मवर लिहिलं, ठळक अक्षरांत, कारण मला ते त्याने वाचायला हवं होतं. सदर बांधकाम शेड नसून निकाहचा मांडव आहे. चित्राच्या दिवशी व वेळी मी स्वतः समोरच्या पांढऱ्या गाडीत, एकोणीस मीटर अंतरावर हजर होतो व मांडव समक्ष पाहिला आहे. सही केली आणि फॉर्म प्रिंटवर ठेवून दोन्ही त्याच्याकडे सरकवलं. हे मी त्याचं घर वाचवायला केलं असं कुणी म्हणेल तर म्हणू दे. त्याची ती माफी मला नको होती, एवढंच खरं आहे.

सोहेल सावकाश वाचतो, शाळेपासून. ओठ हलवत वाचलं. मग फॉर्म बाजूला केला आणि प्रिंटवर वाकला. त्याचं बोट मांडवावरून निघालं, रस्ता ओलांडून पलीकडे गेलं आणि पांढऱ्या दाण्यावर थांबलं. "ही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ही. "लाल काय हाय?" मी म्हटलं, खोका. रिझवानासाठी आणला होता. खाली एसटीवाला रत्नागिरी, रत्नागिरी ओरडत होता. मला वाटलं आता तरी शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी उठून त्याला मिठी मारली असती, किंवा थोबाडीत, दोन्हीतलं काहीतरी झालं असतं. "ती मला दोन येळा म्हनाली," सोहेल म्हणाला, माझ्याकडे न बघता, "कबूल म्हनायच्या आधी. भाई आला काय बघ रे बाहेर. मी म्हनलो, येडी काय गो तू, तो दम्मामला हाय. बघायला गेलो पन नाय मी." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आला नसतास तर मी समजून घेतला असता, भाई. मी घेतलाच होता. हे नाय घेता येत."

तो सरिताकडे वळला. "म्याडम, कात्री हाय काय?" तिने ड्रॉवरमधून काढून दिली. त्याने प्रिंट टेबलावर सपाट केला, तळव्याने दाबला, आणि रस्त्याच्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापला. घाई केली नाही. मांडवाकडचा तुकडा गुंडाळून खिशात ठेवला, फॉर्म सरिताच्या हातात दिला, तिला सलाम केला आणि जिना उतरून गेला.

सरिताने फॉर्मवर शिक्का मारला. एकशे सतरा नंबर तिने लाल यादीतून काढला आणि तसं मला सांगितलं. मग टेबलावर उरलेली ती कागदाची पट्टी दोन बोटांत उचलून तिने विचारलं, "हे टाकू, रऊफभाई?" पट्टीवर टपरी होती, गाडी होती, आणि तिच्यापुढे अर्ध्यात तुटलेला रस्ता. मी म्हटलं, नको, राहू दे. ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि एकशे अठरा नंबर उघडला, तो एक पेट्रोलपंप होता.